रानफणसाची ओळख व लागवड

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा वृत्तांत असावा, देणगीदारांची नामावली असावी, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक असावे, हे सर्व ठीकच. परंतु एका रानझाडावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात सहज येईल. त्याचे उत्तर असे की, आपल्या न्यासाच्या सभासदांपैकी अनेक कुटुंबांची मूळ घरे खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरी, डिचोली अशा घाटमाथ्यावरच्या आणि घाटाखालच्या तालुक्यांत आहेत. नोकरी-धंद्याच्या निमित्ताने कोणी बेळगावात राहिले, कोणी पणजीस, वडोदऱ्यास, हैदराबादेस गेले. पण गावाकडची जमीन बहुतेकांनी राखलेली आहे. त्या जमिनीत भाताची चार खाचरे असतात, काजूची थोडी झाडे असतात आणि कडेला डोंगराच्या अंगाला रानाचा एखादा तुकडा असतो. या तुकड्यात काय उभे आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. आता ते ठाऊक असलेली माणसे एकेक करून कमी होत आहेत.

अशा तुकड्यांत जे मोलाचे वृक्ष आढळतात त्यांत रानफणस हा अग्रगण्य होय. लाकडाच्या दृष्टीने त्याची गणना उत्तम इमारती झाडांत होते, आणि त्याचे घरच मुळी आपला सह्याद्री आहे. तरीही नवी झाडे फार थोडी उभी राहताना दिसतात. तोड हे त्याचे एक कारण आहेच. पण दुसरे कारण अधिक साधे आणि अधिक सहज दूर होणारे आहे. रानफणसाचे रोप ओळखता येत नाही, आणि त्याचे बी टिकत नाही. मोठा वृक्ष कोणालाही दिसतो. परंतु रोपाची पाने मोठ्या झाडाच्या पानांहून इतकी निराळी असतात की बेणणीला आलेला मजूर ते रोप झुडूप समजून कोयत्याने छाटून टाकतो. जमीनमालकालाही त्यात काही गेले असे वाटत नाही. या दोन गोष्टी, म्हणजे रोपाची ओळख आणि ताज्या बियांची पेरणी, जर प्रत्येक कुटुंबाने समजून घेतल्या तर पुढचे बरेचसे काम पाऊस आणि माती करील. म्हणून हा लेखप्रपंच.

नाव आणि गोत

रानफणसाला गोव्यात व दक्षिण कोकणात पाटफणस किंवा पटफणस असेही म्हणतात. खानापुराकडे कानडी बोलणारे शेजारी त्याला हेब्बलसु म्हणतात. हलसु म्हणजे फणस, आणि त्याच्या मागे लागलेला ‘हे’ हा थोरपणा दाखवितो. हेब्बागिलु म्हणजे मोठा दरवाजा, तसाच हा. फळ लिंबाएवढे असले तरी झाड थोर, म्हणून हे नाव शोभते. मलबारात त्याला आंजिली किंवा ऐनी म्हणतात. वखारीत हा शब्द ऐकला तर सावध असावे, कारण आपल्याकडचा ऐन हा अगदी वेगळा वृक्ष आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्याला चीक नसतो आणि लाकूड गडद तपकिरी व जड असते. ऐन आणि ऐनी यांत केवळ एका वेलांटीचा फरक असला तरी लाकडात मोठाच आहे.

‘रानफणस’ या नावानेही घोटाळा होतो. रानात आपोआप उगवलेल्या साध्या फणसालाही काही गावांत रानफणस म्हणण्याची चाल आहे. तेव्हा नावावर विसंबून न राहता झाड प्रत्यक्ष पाहावे, हे उत्तम.

शास्त्रज्ञ याला आर्टोकार्पस हिर्सुटस म्हणतात. पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ भाकरीचे फळ. दुसऱ्याचा अर्थ केसाळ. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने १७८९ मध्ये दिले. परंतु त्याच्या शंभर वर्षे आधीच या झाडाचे चित्र छापले गेले होते. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्द्रिक फान ऱ्हेडे याने मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या खंडात आंजिलीचे वर्णन आहे. आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे, या ग्रंथाच्या कामात कोचीनला स्थायिक झालेले रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य सहभागी होते. त्यांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष नागरी लिपीत, कोंकणी भाषेत, पहिल्या खंडात छापलेली आहे. घर सोडून दूर गेलेल्या माणसांनी झाडांचे ज्ञान मात्र सोडले नव्हते, हे त्यावरून दिसते.

हा वृक्ष पश्चिम घाटाखेरीज जगात अन्यत्र कोठेही आपण होऊन उगवत नाही. दक्षिण महाराष्ट्राच्या सह्याद्रीपासून गोवा, कारवार, मलबार असा त्याचा पट्टा केरळच्या दक्षिण टोकापर्यंत जातो. सदाहरित व निमसदाहरित रानांत, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीपर्यंत तो वाढतो.

चार भावंडे आणि त्यांची ओळख

फणसाच्या कुळातील चार झाडे आपल्या परिसरात आढळतात. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ओळख पक्की होते. चारही झाडांचे पान तोडले की पांढरा चिकट चीक येतो. तेवढी खूण सर्वांना समान आहे.

(१) फणस. पाने वीतभर किंवा त्याहून लहान, जाड, वरून तकतकीत हिरवी, हाताला गुळगुळीत लागणारी. फळे खोडावर आणि थोरल्या फांद्यांवर लागतात. हा फरक दुरूनही दिसतो.

(२) नीरफणस, अर्थात विलायती फणस. हा परसातला रहिवासी. मूळ पॅसिफिक महासागरातील बेटांचा. पाने फार मोठी आणि हाताच्या बोटांप्रमाणे खोल कातरलेली असतात व झाड म्हातारे झाले तरी ती तशीच कातरलेली राहतात. याच्या भाजीच्या फळात बी नसते. झाड मुळांना फुटलेल्या फुटव्यांपासून वाढवितात. रानात तो सापडत नाही.

(३) ओटंब, कोठे वोटंब. संस्कृतातील लकुच तो हाच. पाने अखंड कडांची आणि डहाळीवर दोन्ही बाजूंना दोन ओळींत मांडल्यासारखी. फळ वेडेवाकडे गोल, मखमली, काटे नसलेले, पिकल्यावर पिवळे. त्याच्या आंबट फोडी वाळवून आमटीत व माशांच्या कालवणात घालण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे गृहिणींना या झाडाची ओळख अधिक असते.

(४) रानफणस. सरळसोट, उंच, गोल खोडाचे झाड. ते ३५ मीटरपर्यंत, म्हणजे शंभर-सव्वाशे फूट जाते आणि रानात बरेच वरपर्यंत त्याला फांदी नसते. मोठ्या झाडाची पाने अखंड कडांची, साधारण १० ते २५ सेंटिमीटर लांब, लंबगोल असतात. पानाची खालची बाजू, देठ आणि कोवळी डहाळी यांवर राठ केस असतात. पानाच्या शिरेवरून उलट बोट फिरविले की खरखर जाणवते. फणसाच्या गुळगुळीत पानाशी तुलना केली तर ही एकच परीक्षा पुरते. डहाळीच्या टोकाशी केसाळ, टोकदार आवरणात कळी असते. ते आवरण गळून पडले की डहाळीभोवती अंगठीसारखा वळ राहतो. पाने डहाळीभोवती फिरती येतात, ओटंबासारखी दोन ओळींत नव्हेत.

नर व मादी फुले एकाच झाडावर परंतु वेगवेगळी येतात. थंडीत व उन्हाळ्याच्या तोंडी नर फुलांचे वीतभर लांब तुरे फांद्यांच्या शेंड्यांवरून खाली लोंबतात. असे लांब लोंबते तुरे फणसाला व ओटंबाला नसतात, हे ध्यानात ठेवावे. फळेही शेंड्याकडे पानांमध्येच लागतात, खोडावर कधीच नाही. फळ गोलसर, फार तर साडेसात सेंटिमीटरचे, अंगावर मऊसर काट्यांचे, पिकल्यावर नारिंगी-पिवळे. आत लहान लहान आंबटगोड गरे आणि प्रत्येकात एकेक आठळी. माणसे ती फळे आवडीने खातात, आठळ्या भाजून खातात. पण झाड उंच असल्याने वरचा हिस्सा शेकरू, माकडे आणि वटवाघळे यांचा असतो, आणि बी रानात दूरवर पोचविण्याचे काम तीच करतात.

रोपाची ओळख

आता मुख्य मुद्दा. वर सांगितले की मोठ्या झाडाचे पान अखंड असते. रोपाचे तसे नसते. रोप गुडघाभर झाले की त्याची पाने दोन्ही बाजूंनी मधल्या शिरेकडे खोल कातरलेली येऊ लागतात. ती मोठ्या झाडाच्या पानांहून आकाराने बरीच मोठी असून त्यांवरील केस अधिक दाट असतात. एकाच रोपावर काही पाने अखंड आणि काही कातरलेली अशीही दिसतात. झाड उंच होत जाते तशी ही कातर कमी होते आणि पुढे अगदी नाहीशी होते. त्यामुळे शेजारी रानफणसाचा महावृक्ष उभा असला आणि त्याच्या पायाशी त्याचीच दहा रोपे असली तरी पाहणाऱ्याला त्यांचे नाते कळत नाही. वर पाहिले तर एक पान, खाली पाहिले तर दुसरेच!

साध्या फणसाच्या रोपालाही कधी कधी एखाद-दुसरी कातर असलेले पान येते. परंतु ते गुळगुळीत असते, रानफणसाचे खरखरीत. म्हणून रोपाची परीक्षा तीन गोष्टींनी करावी. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो काय. पान खोल कातरलेले आहे काय. आणि पानाच्या पाठीवर व देठावर राठ केस आहेत काय. तिन्हींना ‘होय’ असे उत्तर आले आणि जागा परसातली नसून रानाची असली, तर ते रोप रानफणसाचे समजावे व त्याला कोयता लावू देऊ नये.

पावसाळ्यानंतर बेणणी सुरू होण्यापूर्वी घरातील एका जाणत्या माणसाने जमिनीतून एक फेरी मारावी आणि अशा प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला पांढरे फडके बांधावे. मजुरांना फडके दिसते, पान दिसत नाही. एका सकाळचे हे काम आहे, आणि त्याला खर्च काही नाही. आपोआप उगवलेले रोप जागेवरच वाढू दिले तर ते बाहेरून आणून लावलेल्या रोपापेक्षा चिवट निघते. त्याचे सोटमूळ प्रथमपासून अखंड असते.

लाकडाचे गुण

रानफणसाच्या लाकडाचा गाभा ताजा कापला असता सोनेरी पिवळा दिसतो; हवा-उजेड लागला की तो हळूहळू तपकिरी होतो. लाकूड सागाप्रमाणे मध्यम वजनाचे, सरळ वाढीचे, चांगले वाळणारे असते. वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि पाण्यातही ते टिकते. बाहेरचे पांढरे लाकूड मात्र टिकाऊ नसते; ते काढून गाभाच वापरावा. खांब, तुळया, वासे, दारांच्या चौकटी, फळ्या, पेट्या-पलंग अशा सर्व कामांना ते चालते. सागाची टंचाई व भाव पाहता घरबांधणीला तो एक उत्तम पर्याय आहे.

परंतु या लाकडाची खरी कीर्ती समुद्रावर झाली. केरळातील शर्यतीच्या सर्पनौका, ज्यांत शंभरावर माणसे बसतात, त्या परंपरेने आंजिलीच्याच बनवितात. अरबस्तानातील जहाजे बांधण्यासाठीही मलबारचे लाकूड पूर्वापार जात असे. टिम सेव्हरिन या संशोधक-प्रवाशाने जुन्या अरबी जहाजांप्रमाणे एक जहाज ओमानमधील सूर या बंदरात १९८० मध्ये बांधविले. त्याच्या फळ्या मलबारातून नेलेल्या ऐनीच्या होत्या आणि त्या खिळ्यांनी नव्हे तर नारळाच्या काथ्याने शिवलेल्या होत्या. ‘सोहार’ नावाचे हे जहाज नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून निघाले आणि जुलै १९८१ मध्ये चीनमधील कँटन बंदरात सुखरूप पोचले. सह्याद्रीच्या एका झाडाच्या गुणाची याहून मोठी परीक्षा कोणती असणार!

बी आणि रोपवाटिका

फळे मे-जूनच्या सुमारास पिकतात. या बियांचा एक स्वभाव प्रथम समजून घ्यावा. भात, नाचणी, तूर यांचे बी आपण वाळवून वर्षभर ठेवतो. रानफणसाचे बी वाळविले की मरते. आंबा, फणस, जांभूळ यांच्या जातीचे ते ओले बी आहे. उन्हात घालू नये, डब्यात कोंडू नये, शीतकपाटात ठेवू नये. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून ‘पुढच्या वर्षी पेरू’ हा विचार येथे चालत नाही. फळ हाती आले की त्याच आठवड्यात पेरणी व्हावी. अगदीच अडचण असली तर ओलसर वाळूत किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशात सावलीला थोडे दिवस ठेवावे.

बी कोणत्या झाडाचे घ्यावे, यालाही महत्त्व आहे. वाकडे, बुटके, रोगट झाड हाताशी येते म्हणून त्याचे बी घेण्याचा मोह होतो; तो टाळावा. सरळ, उंच, निरोगी झाड निवडावे. शिवाय एकाच झाडावर अवलंबून न राहता निदान पाच-सहा, जमल्यास दहा झाडांचे बी एकत्र करावे. एकाच आईची लेकरे सर्वत्र लावली तर पुढील पिढ्यांत दोष वाढतात. स्वतःच्या जमिनीतून, रस्त्याच्या कडेने किंवा गावकऱ्यांच्या संमतीने देवराईच्या कडेला पडलेले बी घ्यावे. भीमगड किंवा म्हादई यांसारख्या अभयारण्यांतून काहीही उचलू नये. कायद्याने ते वर्ज्य आहे.

पिकलेले फळ फोडून आठळ्या काढाव्यात, पाण्यात चोळून गर पूर्ण धुवावा; गर राहिला तर बुरशी व मुंग्या येतात. उंच पिशव्या घ्याव्यात, निदान वीतभर खोल, कारण सोटमूळ लवकर खाली जाते. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. बी बोटाच्या एका पेराइतके खोल पुरावे. पिशव्या मांडवाच्या सावलीत ठेवाव्यात, पाणी तुंबू देऊ नये आणि उंदीर-खारींपासून जाळी लावून रक्षण करावे. साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतो. सप्टेंबरनंतर मांडवाची सावली हळूहळू विरळ करावी. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर येऊ लागले तर पिशव्या हलवून ते जमिनीत शिरू देऊ नये. पुढील जूनपर्यंत रोप फूट-दीड फुटाचे होते आणि लावणीस तयार असते.

लावणी व जोपासना

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: भरपूर पाऊस, खोल माती आणि पाण्याचा निचरा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूस तसेच घाटाखाली ओढ्याकाठच्या उतारावर त्या तिन्ही मिळतात. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर, जेथे माती वीतभरच असते तेथे, हे झाड लावू नये. आणि पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या खाचरातही नको.

खड्डे एप्रिल-मे मध्ये खणावेत, लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी दीड फूट. ते ऊन खाऊ द्यावेत. मग वरची माती, पालापाचोळा आणि दोन पाट्या शेणखत घालून भरावेत. पहिले चांगले पाऊस होऊन माती भिजली की लावणी करावी. पिशवी कापून काढावी, मातीचा गड्डा फुटू देऊ नये. पिशवीच्या तळाशी मूळ गोल वळले असेल तर तेवढे टोक धारदार सुरीने कापावे. वळलेले मूळ तसेच राहिले तर झाड पुढे वाऱ्याने उन्मळते.

दोन झाडांत १५ फूट अंतर ठेवले तर दहा गुंठे जागेत सुमारे ४८ झाडे बसतात. आरंभी एवढे जवळ लावण्याचे कारण असे की, दाटीत झाड उजेडासाठी सरळ वर जाते व खालच्या फांद्या आपोआप झडतात. दहा-बारा वर्षांनी वाकडी व दुबळी झाडे काढून निम्मी ठेवावीत. सर्व झाडे एकाच जातीची लावण्यापेक्षा मध्ये किंदळ, नाणा, जांभूळ, सुरंगी अशी इतर गाववाली झाडे असू द्यावीत; कीड-रोग आला तर सर्व एकदम जात नाहीत. आहे ते रान तोडून तेथे रानफणस लावणे मात्र शुद्ध वेडेपणा होय. रिकामी पडीक जागा, काजूच्या जुन्या बागेची कड, बांध, यांचा उपयोग करावा.

रोपाला पहिली दोन-तीन वर्षे विरळ सावली मानवते. त्यानंतर माथ्यावर मोकळा उजेड हवा. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला घागरभर पाणी आणि बुंध्याशी पातेऱ्याचा जाड थर द्यावा. तीन वर्षे भोवतालची बेणणी करावी. गुरे व शेळ्या याची पाने आवडीने खातात, म्हणून काट्यांची वई पक्की असावी. साळिंदर व गवे यांचा त्रास जेथे आहे तेथे तर एकेका रोपालाच कुंपण करावे लागते. उन्हाळ्यात वणव्याचे भय असते. जानेवारीतच जमिनीच्या कडेने दहा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा करावा. खालच्या फांद्या छाटायच्या तर कोरड्या दिवसांत, खोडालगत स्वच्छ कापाव्यात. खुंट ठेवला तर तेथून कूज आत शिरते.

झाड दहा-बारा वर्षांचे झाले की त्याच्या खोडावर मिरवेल चढवावी. केरळात व कारवारकडे ही जुनी पद्धत आहे. लाकडासाठी पुढची पिढी थांबेल, पण मिऱ्याचे उत्पन्न तोपर्यंत येत राहील. चांगल्या जागी तीस-चाळीस वर्षांत झाड कापण्याजोगे होते. तुळईला शोभेल असा गाभा भरण्यास त्याहून अधिक काळ थांबणे हिताचे.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील सभासदांनी केवळ गावच्या ओढीने हे झाड तेथे लावू नये. तेथील कोरडी हवा आणि कमी पाऊस त्याला मानवणार नाही. बेळगावच्या पूर्वेस, गोकाक-सौंदत्तीच्या काळ्या जमिनीतही तो टिकत नाही. ज्या मातीत आपण राहतो तिची झाडे तेथे लावावीत, आणि रानफणस गावच्या जमिनीत वाढवावा.

विक्री आणि कायदा

गावी राहत नसलेल्या मालकाची जी हानी होते ती बहुधा येथे होते. व्यापारी येतो, उभ्या झाडाचा ठोक भाव सांगतो, आणि मालक शहरातून फोनवरच होकार देतो. झाड कोणते, त्यात लाकूड किती, याचा हिशोब कोणी करीत नाही. हा हिशोब अवघड नाही.

इमारती लाकूड मोजण्याची चालत आलेली रीत चौथाई घेराची आहे. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर फुटांत घ्यावा, त्याचे चार भाग करावेत, एका भागाचा वर्ग करून लांबीने गुणावे. समजा घेर ६ फूट आणि लांबी २० फूट आहे. सहाचा चौथा भाग दीड. दीडचा वर्ग सव्वादोन. त्याला २० ने गुणले की ४५ घनफूट. परंतु गोल ओंडक्याचे भूमितीने खरे माप काढले तर ते ५७ घनफुटांहून थोडे अधिक भरते. म्हणजे या रीतीत सुमारे एकपंचमांश लाकूड कापणावळीची सूट म्हणून मोजलेच जात नाही. ही रीत सर्वमान्य आहे, तिला फसवणूक म्हणता येणार नाही. पण भाव ठरविताना माप कोणत्या रीतीचे आहे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. निदान घेर व लांबी स्वतः मोजून किंवा विश्वासू माणसाकडून मोजवून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

दुसरी गोष्ट परवानगीची. खाजगी जमिनीतील झाडांनाही कायदा लागू आहे: महाराष्ट्रात १९६४ चा, कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा. तोडीपूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी आणि लाकूड नेण्यास वाहतूक परवाना लागतो काय, हेही तेथेच विचारावे. ‘आम्ही सर्व पाहून घेतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर कागद सही करून देऊ नये. जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाच उत्तर द्यावे लागते.

न्यास आणि वृक्ष

शेवटी एक विचार मांडावासा वाटतो. पन्नाशीच्या माणसाने आज रानफणस लावला तर त्याचे लाकूड त्याला स्वतःला पाहायला मिळण्याचा संभव थोडा. म्हणून पुष्कळ जण लवकर पैसा देणारे रबर, अननस, काजू यांकडे वळतात, आणि दोडामार्गसारख्या तालुक्यात रानाचे तुकडे त्यापायी मोकळे झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घरखर्च आज असतो. पण संस्थेचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे असते. आपल्या वाडवडिलांनी हा न्यास स्थापिला तेव्हा त्यातून शिकणारी मुले जन्मालाही आली नव्हती. जे काम एका माणसाला परवडत नाही ते संस्थेला परवडते, याचेच आजचा महोत्सव प्रमाण आहे.

म्हणून आम्ही सभासदांना तीन गोष्टी सुचवितो. पहिली, ज्यांच्या जमिनीत रानफणसाची मोठी झाडे आहेत त्यांनी ती न्यासाला कळवावीत. गाव, झाडांची संख्या व घेर यांची एक वही कार्यालयात ठेवता येईल. दुसरी, त्या झाडांखाली पडलेले बी मे-जूनमध्ये वाळू न देता दोन-चार दिवसांत पोचते करावे, म्हणजे रोपे तयार करून पुढील पावसाळ्यात ज्यांना हवी त्यांना देता येतील. तिसरी, सुटीत मुले गावी जातात तेव्हा त्यांना आजी-आजोबांबरोबर रानात पाठवावे आणि कातरलेल्या खरखरीत पानाचे रोप शोधावयास सांगावे. मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात. एकदा पाहिलेले पान ती विसरत नाहीत. यंदाच्या बेणणीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या जमिनीतील पाच रोपांना पांढरे फडके बांधले, तरी या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.